आगोटीआधीची मांडणी

मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो ऑइलने हात माखलेला मिस्त्री आणि खोलून ठेवलेले इंजिन. घरातल्या गाडीच्या जागेला आपल्याकडे गॅरेज म्हणत नाहीत. शहरात ती पार्किंग असते. भोर आणि वेल्हे तालुक्यांत तर तिचे नाव घरागणिक बदलते. कोणाची पडवी, कोणाची शेड, तर नव्या आरसीसी घराच्या तळमजल्यावर ‘शटर’. नाव काहीही असो, आतले चित्र सारखेच. दाराशी मोटारसायकल, तिच्यामागे पॉवर टिलर, त्याच्या हँडलला अडकवलेली ताडपत्री, कोपऱ्यात युरियाची अर्धी गोणी, तिला टेकलेली भाताची पोती, पोत्यांवर फवारणीचा पंप, पंपाशेजारी रंगाचे वाळलेले डबे, मुंबईच्या भावाने पाठवलेला बंद टीव्ही आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी एक पहार. ती पहार हवी असते, नेमकी तेव्हाच सापडत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस हा गोंधळ जास्त टोचू लागतो, कारण आगोट जवळ आलेली असते. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी करायची बेगमी. सरपण, पेंढा, धान्य, बियाणे, खत, सारे जूनआधी छपराखाली गेले पाहिजे. पुणे–सातारा महामार्गावरून चेलाडीला वेल्ह्याकडे किंवा कापूरहोळला भोरकडे वळून पश्चिमेला जात राहावे, तसा पाऊस वाढत जातो. वरंध घाटाच्या माथ्याकडची गावे आणि तोरणा–राजगडाच्या कुशीतली गावे तीन-चार महिने ओलीच असतात. अशा मुलखात जमिनीवर टेकलेली वस्तू म्हणजे ओल लागलेली वस्तू. पोत्याचा तळ कुजतो, खताचे ढेकूळ होते, खुरप्याला गंज चढतो. म्हणून इथे अडगळ आवरण्याचा प्रश्न नुसत्या नीटनेटकेपणाचा नाही. वर्षभराचे धान्य, शेतीची अवजारे आणि घरातल्या माणसांचा जीव त्यात गुंतलेला आहे.

जुन्या घराची भिंत काय काय सांभाळायची

या भागातले जुने घर आठवून पाहिले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्या घरात कपाट नव्हते, पण सामान ठेवायला जागा भरपूर होती. दगडमातीची भिंत दीड-दोन फूट जाड असे. तिच्या पोटातच कोनाडे, दिवळ्या आणि लाकडी दारांची फडताळे काढलेली असत. बांधकाम चालू असतानाच भिंतीत लाकडी खुंट्या बसवत. त्यांना जू, कासरा, घोंगडी, इरले अडकवायचे. आढ्याला शिंकाळे टांगलेले असे. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी, माजघरात मडक्यांची उतरंड आणि शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी. त्यावर माळा. माळ्यावर वर्षातून एकदा लागणारे सामान, आणि खालच्या चुलीच्या धुराने ते कोरडे राहायचे.

या रचनेत एक साधे शहाणपण होते. जमीन माणसांसाठी आणि गुरांसाठी, भिंत आणि छप्पर वस्तूंसाठी. रोज लागणारे हाताच्या उंचीवर, क्वचित लागणारे डोक्यावर, आणि जड ते खाली पण दगडावर किंवा लाकडी पाटावर.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरे बदलली. जाड भिंती जाऊन चार किंवा सहा इंची भिंती आल्या. त्यांत कोनाडा बसत नाही. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि माळा गेला. स्वयंपाकघरात ओटा, ट्रॉल्या आणि कपाटे आली, बैठकीत शोकेस आली. पण पडवीचे, गोठ्याचे आणि माळ्याचे सामान ज्या एका खोलीत जमा झाले, त्या खोलीच्या भिंती कोऱ्याच राहिल्या. गिलावा केलेली, रंग दिलेली, एकही खुंटी नसलेली भिंत आणि तिच्या पायथ्याशी ढीग. घरी बनवलेल्या रॅकचे काम एवढेच आहे, की भिंतीकडून काढून घेतलेले काम तिला परत द्यायचे.

आधी सगळे बाहेर

रॅक विकत आणून ढिगासमोर उभा केला, तर रॅकच ढिगाचा भाग होतो. सुरुवात रिकामे करण्यापासून हवी. त्यासाठी दोन उघडिपीचे दिवस, अंगणात पसरलेल्या दोन ताडपत्र्या आणि घरातली सगळी कर्ती माणसे लागतात. एकट्याने हे काम करू नये. कारण टाकायचे काय आणि ठेवायचे काय, याचा निकाल एकट्याला लावता येत नाही. मुलाला जी लाकडी पाभर सरपणाची वाटते, तिच्यावर आजोबांचे अर्धे आयुष्य गेलेले असते.

वाटण्या चार कराव्यात. या हंगामात लागणारे, वर्षातून एकदा लागणारे, दुरुस्तीचे आणि जाऊ द्यायचे. दुरुस्तीच्या वाटणीला मुदत घालावी. पावसाळा संपेपर्यंत जो पंप दुरुस्त झाला नाही, तो भंगारात. रिकाम्या गोण्या मोजून ठेवाव्यात, कारण सुगीत त्या लागतात, पण वीस लागत असतील तर शंभर साठवण्यात उंदरांचीच सोय होते. कडक झालेले सिमेंट, वाळलेला रंग, तुटके ठिबकचे तुकडे, फुटलेल्या बादल्या यांच्यावर चर्चाही नको.

जुन्या वस्तूंबद्दल मात्र घाई नको. दगडी जाते, भात कांडायचे मुसळ, बैलांच्या घुंगरमाळा, पितळी समई, लाकडी मापे, अडकित्ते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच घरगुती वस्तूंमधून उभे राहिले. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे गोळा केले आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने तो संग्रह लोकांसाठी खुला केला. ज्या वस्तू कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात होत्या, त्या आज काचेआड आहेत. प्रत्येक घराला संग्रहालय होता येणार नाही, पण अशा चार-दोन वस्तूंसाठी रॅकच्या वरच्या फळीवर कायमची जागा ठरवता येते. घुंगरमाळा भिंतीवर टांगल्या, तर त्या अडगळ उरत नाहीत.

फूटपट्टी हातात घेतल्यावर

रिकाम्या खोलीचे माप घेणे हे पुढचे काम. समजा, खोली दहा फूट रुंद आहे आणि तिथे छोटी चारचाकी उभी करायची आहे. आरसे धरून अशा गाडीची रुंदी सहा फुटांच्या आसपास जाते. उरले चार फूट. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. गाडी सरळ तोंडाने आत घेतली, तर उजवीकडचे दार उघडून माणूस उतरायला दोन-अडीच फूट हवेत. म्हणजे डाव्या भिंतीला दीड फूट उरतो आणि तिथे बारा ते पंधरा इंच खोलीचा रॅक बसतो. समोरच्या भिंतीवर बॉनेटच्या उंचीच्या वर फळ्या मारता येतात, कारण बॉनेटवरची जागा एरवी वायाच जाते. मोटारसायकल आणि पॉवर टिलरच असेल, तर हिशोब सोपा होतो. पण जमिनीवर खडूने त्यांची जागा आखून पाहावी आणि हँडल वळवायला मोकळीक आहे ना, ते उभे राहून बघावे.

फळ्यांची खोली सामानावरून ठरते. रंगाचे डबे, ऑइलचे कॅन, खिळ्यांच्या बरण्या यांना दहा-बारा इंच पुरतात. पत्र्याच्या पेट्या, क्रेट आणि घमेली यांना अठरा इंच लागतात. दोन फुटांहून खोल फळी करू नये. मागे गेलेली वस्तू पुढच्या वस्तूआड हरवते आणि रॅकवरच नवी अडगळ तयार होते.

लाकूड घरातच असते

रॅकसाठी लाकूड आणायला लांब जावे लागत नाही. जुने घर उतरवले की त्याचे वासे, तुळया, फळ्या, दारांच्या चौकटी घराच्या मागे रचून ठेवलेल्या असतात. साग, आईन, जांभूळ. पन्नास-साठ पावसाळे काढलेले हे लाकूड पूर्ण वाळलेले असते. नवे ओले लाकूड घरात आल्यावर वाळता वाळता पिळते, तशी भीती इथे राहत नाही. झाड तोडायचे म्हटले तर परवानगीपासून सुरुवात होते, तीही वेळ येत नाही. फक्त तीन गोष्टी तपासाव्यात. हातोडीने ठोकून पाहावे, आतून पोखरलेले लाकूड पोकळ वाजते. जुने खिळे एक एक करून उपटावेत, नाहीतर करवतीचे दात जातात. आणि वाळवीची मातीची नळी कुठे दिसली, तर तो तुकडा घरात आणूच नये.

लाकूड नसेल, तर भोरच्या बाजारात मिळणारा भोकांचा लोखंडी अँगल आहे. नटबोल्टने जोडायचा, हव्या त्या भोकात फळी वर-खाली करायची. वेल्डिंग लागत नाही आणि घर बदलले तर रॅक उकलून नेता येतो. बांधकामातून उरलेला कडप्पाही फार उपयोगी. त्याला वाळवी लागत नाही, तो पाण्याने फुगत नाही. विटांच्या किंवा ब्लॉकच्या दोन खांबांवर कडप्प्याचा तुकडा टाकला, की खताच्या गोणीसाठी पक्की फळी तयार. मात्र दगड वाकत नाही, एकदम तुटतो. म्हणून आधार जवळजवळ हवेत आणि वरून जड वस्तू आदळता कामा नये.

प्लायवूड घ्यायचे, तर वर छापलेला शिक्का वाचावा. साध्या प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक क्रमांक आहेत. ३०३ मध्येही ‘एमआर’ म्हणजे ओलाव्यापुरता टिकणारा आणि ‘बीडब्ल्यूआर’ म्हणजे पाण्याला अधिक दाद न देणारा, असे दोन प्रकार येतात. भोर–वेल्ह्याच्या हवेत दुसरा घेणे शहाणपणाचे. भुशाचे दाबून केलेले बोर्ड स्वस्त पडतात, पण एका पावसाळ्यात त्यांच्या कडा फुगून सुटतात.

आता फळीच्या झोळाबद्दल. घरी केलेल्या रॅकचे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. फळी लांब घेतली की ती मध्ये वाकते, हे सगळ्यांना माहीत असते. ती किती वाकते, याचा हिशोब मात्र चकित करणारा आहे. दर फुटाला वजन तेवढेच ठेवले आणि दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर झोळ दुप्पट नाही, सोळा पट होतो. उलट तेच अंतर कायम ठेवून फळीची जाडी दुप्पट केली, तर झोळ आठव्या हिश्शावर येतो. म्हणून सहा फुटांच्या फळीला मध्ये एक खांब दिला, तर महागड्या लाकडापेक्षा जास्त फायदा होतो. फळीच्या पुढच्या कडेला दोन इंचांची उभी पट्टी ठोकली तरी ती बरीच ताठ होते. पन्नास किलोची दोन पोती शेजारी शेजारी ठेवायची असतील, तर आधार दोन-अडीच फुटांवर हवेत. वीस लिटर पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो. डिस्टेंपरचा तेवढाच डबा त्याहून जड. अंदाजाने फळी भरण्याआधी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

दुसरी चूक तिरकी पट्टी न मारण्याची. चार खांब आणि चार फळ्यांचा रॅक समोरून चौकोनी दिसतो, पण चौकोन ढकलला की कलतो. त्रिकोण कलत नाही. मागच्या बाजूला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी मारली, की डुलणारा रॅक जागच्या जागी थिजतो. जुन्या वाड्यांच्या खणांत खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरके हात दिसतात, ते याच कामासाठी.

भिंत कोणती, ते आधी ओळखा

भिंतीवर फळी मारताना भिंतीचा स्वभाव बघावा लागतो. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीत ड्रिलने भोक पाडले, तर माती भुरभुर गळते आणि प्लग धरत नाही. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीतही साधा स्क्रू ओझ्याने निसटतो. अशा घरांत रॅकचे सगळे वजन त्याच्या पायांवर, म्हणजे जमिनीवरच यायला हवे. भिंतीने फक्त रॅकला पुढे पडू द्यायचे नाही. त्यासाठी वरच्या टोकाला दोन पट्ट्या पुरतात आणि त्या शक्यतो कॉलम किंवा बीममध्ये घट्ट कराव्यात. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट मारता येतात. घरात लहान मुले असतील, तर वरची पट्टी कधीही टाळू नये. मुले रॅकला शिडी समजून चढतात.

रॅकच्या पायांखाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा प्लास्टिकची वाटी द्यावी. लाकडी पायाच्या टोकाला डांबर लावायची इथली जुनी पद्धत आहे, तिने ओल चढत नाही. रॅक आणि भिंत यांत चार बोटे जागा सोडावी. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत येते. ती मोकळ्या जागेत दिसते, लगेच मोडता येते. भिंतीला चिकटलेल्या फळीआड ती वर्षभर दिसत नाही.

एका छपराखाली, पण वेगवेगळे

रॅक उभा राहिला, की खरे काम सुरू होते. काय कुठे ठेवायचे, यापेक्षा काय कशाजवळ ठेवायचे नाही, हे आधी ठरवायचे.

धान्य सगळ्यांत आधी. या भागातले मुख्य पीक भात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी आणि सुवासाचा आंबेमोहोर घरोघरी असतो. साठवायच्या भातात ओलावा १४ टक्क्यांहून जास्त नसावा, असे कृषी विभाग सांगतो. तो नीट वाळवला तरी फरशीवर थेट ठेवला तर खालून ओल घेतोच. म्हणून पोती लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर, जमिनीपासून पाच-सहा इंच वर आणि भिंतीपासून फूटभर लांब. मागून झाडू फिरला पाहिजे आणि मांजर गेले पाहिजे.

खत धान्यापासून दूर. युरिया हवेतले पाणी ओढतो. अर्धी वापरलेली गोणी तोंड बांधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली नाही, तर जुलैत तिचा दगड होतो. खताच्या ओलीने लोखंड झपाट्याने गंजते, म्हणून खुरपी-कोयते त्याच फळीवर नकोत. सिमेंटलाही हाच नियम. सहा इंच वर, भिंतीपासून दूर, आणि तीन महिन्यांत वापरून टाकायचे, कारण पुढे त्याचा जोर कमी होत जातो.

कीटकनाशके कुलपात. बाटलीवरचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. लाल अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा. त्रिकोण कोणत्याही रंगाचा असला, तरी बाटली धान्यापासून आणि चाऱ्यापासून दूर, मुलांच्या आवाक्याबाहेर हवी. उरलेले औषध कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. जुनी लोखंडी कोठी किंवा बाद झालेले स्टीलचे कपाट यासाठी उत्तम. धान्यातल्या किडीसाठी घातल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल तर सक्त सावधगिरी हवी. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. जिथे माणसे झोपतात, त्या घरात किंवा लागूनच्या खोलीत त्यांचा वापर करू नये.

पेट्रोल आणि पेंढा एका खोलीत नकोत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि जमिनीलगत सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. ग्रास कटरसाठी आणलेला कॅन घट्ट झाकणाचा असावा आणि इन्व्हर्टर, चूल, देवघर यांपासून लांब असावा.

साठवणुकीतल्या आगीची चिंता या मुलखाला नवी नाही. राजगड आज ज्या तालुक्यात आहे, त्या वेल्ह्याचे नावही सरकारदरबारी आता राजगड झाले आहे. वीसेक वर्षे स्वराज्याची राजधानी राहिलेल्या या गडावर अंबरखान्याचे आणि दारूकोठाराचे अवशेष दाखवले जातात. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमवलेले गवत आणि दाणा जपून पुरवा, गवताच्या आसपास आगट्या करू नका, चिलीम ओढू नका, एवढेच नाही तर रात्री दिवा ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इतका बारीक विचार त्या पत्रात आहे. पुढच्या शतकात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर ठेवायला आणि आतली दारू दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यायला सांगितले आहे. पडवीतल्या पेट्रोलच्या कॅनला आणि शेजारच्या पेंढ्याला हे दोन्ही सल्ले आजही लागू पडतात. पेंढ्याची गंज घराबाहेरच रचावी.

ढिगाखाली कोण राहतो

अडगळीचा सगळ्यांत गंभीर धोका तिच्या तळाशी असतो. पोत्यांमागे धान्य सांडते, धान्यावर उंदीर येतो, उंदरामागे साप. लहान उंदराला आत शिरायला पेन्सिलीएवढी फट पुरते. भोर–वेल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी साप शेतकऱ्याला ओळखीचे आहेत. त्यांतली मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे झोपेतल्या माणसाला कळायला उशीर होतो. अंधारात ढिगात हात घालून पहार शोधणे म्हणूनच धोक्याचे.

विंचवाची गोष्ट आणखी जवळची आहे. कौलांचे ढीग, लाकडे, गोणपाट, जुने बूट ही त्याची घरे. वरंध घाट उतरला की महाड. त्या परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने रुग्ण वाचू शकतात, हे जगापुढे मांडले. एके काळी गावोगावी जीव घेणाऱ्या या दंशावर त्यांच्या कामामुळे इलाज सापडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात जायचे, हे आता गावांत बऱ्यापैकी रुजले आहे. पण विंचवाला बसायला जागाच न ठेवणे हा त्याआधीचा उपाय आहे आणि तो घरच्यांच्या हातात आहे.

रॅकची सर्वांत खालची फळी जमिनीपासून फूटभर वर ठेवायची ती याचसाठी. खाली वाकून बॅटरीचा झोत मारला की मागची भिंत दिसली पाहिजे. त्या फळीखाली काहीही सरकवायचे नाही, चप्पलसुद्धा. ढिगाला पहिल्यांदा हात घालताना जाड हातमोजे, बूट आणि हातात काठी हवी, आणि काम भर दिवसा करावे.

कारखान्यातून घरी आलेली शिस्त

या दोन तालुक्यांतली कितीतरी तरुण मुले शिरवळ, खेड शिवापूर आणि पुण्याच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात ‘फाइव्ह एस’ शिकवले जाते. जपानी कारखान्यांत घडलेली ही पद्धत पाच शब्दांची आहे. सेइरी, म्हणजे नको ते बाजूला काढणे. सेइतोन, म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा. सेइसो, म्हणजे स्वच्छता. सेइकेत्सु, म्हणजे सगळ्यांना एकच पद्धत. आणि शित्सुके, म्हणजे ती सवय टिकवणे. कारखान्यात हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पान्याची जागा रिकामी दिसली, की तो कोणाकडे तरी आहे, हे लांबूनही कळते.

ही युक्ती पडवीत जशीच्या तशी उतरवता येते. प्लायचा एक तुकडा भिंतीवर मारायचा, त्यावर खिळे किंवा जुन्या खुंट्या ठोकायच्या, खुरपे, कोयता, विळा, करवत, पक्कड, पाने टांगायचे आणि प्रत्येकाभोवती रंगाने रेघ ओढायची. टिकाव, फावडे, पहार उभे ठेवायला दोन आडव्या पट्ट्यांची चौकट करायची. पहार मात्र खाली, कोपऱ्यात आणि बांधलेली. घसरून पायावर पडली तर हाड मोडते. धारदार पाती भिंतीकडे तोंड करून टांगावीत, आणि कोयता मुलांच्या डोक्याच्या बराच वर.

डबे पारदर्शक असतील तर उत्तम. नसतील तर प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत मराठीत नाव लिहावे. ‘नळजोड’, ‘वायर’, ‘पंपाचे वायसर’, ‘बियाणे, भोपळा, दोडका’. घरातली आजी आणि सातवीतला नातू, दोघांनाही वाचता आले पाहिजे. नाव नसलेला डबा सहा महिन्यांत पुन्हा ‘किरकोळ’ होतो, आणि किरकोळचा डबा कधीच रिकामा होत नाही.

पाइप, बांबू, शिडी अशा लांब वस्तूंसाठी छताखाली दोन आडवे कळक टांगावेत. तोच आजचा माळा. वर फक्त हलके सामान. कळक घ्यायचा तर पक्का आणि वाळलेला घ्यावा. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेल्या बांबूला किडा कमी लागतो, हे बुरूडकाम करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

दोन दिवसांत एवढे होऊ शकते. पहिल्या दिवशी रिकामे करणे, वाटण्या, झाडलोट आणि मापे. दुसऱ्या दिवशी कापणे, जोडणे, भरणे. एक करवत, एक हातोडी, एक गुण्या, एक ओळंबा आणि हाताशी दुसरे माणूस. गावातल्या सुताराला तासभर बोलावून सांधे बघून घेतले तर आणखी चांगले. जुन्या लाकडाचा कल त्याला हाताला कळतो.

त्यानंतरची तपासणी पंचांगातच लिहिलेली आहे. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारे खाली उतरतात. पाऊस ओसरत आलेला असतो, शेतात भात पिवळा पडू लागलेला असतो. विळे-कोयते घासले जातात, गंज काढून तेलाचा हात दिला जातो, पहारीलाही हळदकुंकू लागते. त्या दिवशी फळीवरच्या रंगवलेल्या रेघांमध्ये कोणती जागा रिकामी आहे, ते दिसते. कोणते खुरपे शेजाऱ्याकडे राहिले, कोणत्या विळ्याचा दांडा सैल झाला, तेही कळते. पूजा झाल्यावर हत्यारे पुन्हा आपापल्या खुंटीवर चढतात. विळे मात्र दाराजवळच्या फळीवर ठेवले जातात, कारण थोड्याच दिवसांत भातकापणीला त्यांचीच गरज आधी पडणार असते.